फराळाचं पान प्रत्येक फोनवर नीट उघडावं म्हणून: सीएसएसच्या नवशिक्यांसाठी

दिवाळीला तीन आठवडे राहिले असताना ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका काकूंसाठी मी फराळाच्या ऑर्डरचं पान बनवलं होतं. चकली, करंजी, अनारसे, शंकरपाळे, चिवडा, डिंकाचे लाडू असे पदार्थ. प्रत्येकाचं एक कार्ड, वर फोटो, खाली नाव, वजन, भाव. माझ्या लॅपटॉपवर छान दिसत होतं, माझ्या अँड्रॉइड फोनवरही. लिंक पाठवली आणि दहा मिनिटांत काकूंचा फोन आला, "अगं, सगळं एकमेकांना चिकटलंय. भाव चकलीचा की करंजीचा, तेच कळत नाही!"

राम मारुती रोडवरून चालत त्यांच्या घरी गेले आणि त्यांचा फोन हातात घेतला. मुलाने वापरून दिलेला आयफोन ६. कार्डांमधली सोळा पिक्सेलची जागा पूर्ण नाहीशी झाली होती. चकलीच्या कार्डाची उजवी कड करंजीच्या डाव्या कडेला टेकलेली. 'अर्धा किलो' या शब्दांवरचा रफार अर्धा कापला गेलेला. आणि 'ऑर्डर द्या' हे हिरवं बटण सफारीच्या खालच्या पट्टीमागे गेलेलं. एका फोनवर तीन वेगळे दोष आणि तिन्हींची कारणं वेगळी. सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं ते ब्राउझरला सांगणारी भाषा, नुकतीच शिकायला लागलेल्यांनी काय काळजी घ्यायची, ते सांगायला हे तीन दोष पुरेसे आहेत.

एक खुलासा आधीच करते. कोड टाइप करताना तो इंग्रजी अक्षरांतच लिहावा लागतो. इथे मात्र आपण शेजारी बसून बोलतो तसा देवनागरीत लिहिते आहे. 'डिस्प्ले: ग्रिड' वाचलं की एडिटरमध्ये काय टाइप करायचं ते तुम्हाला कळेलच.

मानक एक, अंमल करणारे अनेक

पान कसं दिसावं हे वेगळ्या फाइलमध्ये लिहायची कल्पना होकॉन व्ह्यूम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी मांडली. ते तेव्हा सर्नमध्ये होते, जिथे वेबचा जन्म झाला त्याच संस्थेत. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले, आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने अधिकृत मानक म्हणून जाहीर केली. दुसरी आवृत्ती मे १९९८ मध्ये आली. तिच्यातल्या चुका आणि संदिग्ध जागा दुरुस्त केलेली २.१ ही आवृत्ती पक्की व्हायला मात्र जून २०११ उजाडला. तेरा वर्षं!

डब्ल्यूथ्रीसी नियम लिहिते, पण ब्राउझर बनवत नाही. ब्राउझरवाले आपापल्या वेळापत्रकाने ते नियम अमलात आणतात. पहिलं मानक यायच्या आधीच, १९९६ च्या ऑगस्टमध्ये, इंटरनेट एक्सप्लोरर ३ ने थोडंफार सीएसएस चालवायला सुरुवात केली होती. पण त्या पहिल्या मानकातलं जवळपास सगळं चालवणारा ब्राउझर यायला मार्च २००० उजाडला. तो होता मॅकवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ५.

यामागे कोणाचा आळस आहे असं समजू नका. एखादी गोष्ट मानक म्हणून पक्की व्हायला ती निदान दोन स्वतंत्र ब्राउझरांत चालून दाखवावी लागते. म्हणजे कोणीतरी आधी बनवणार, कोणीतरी मागून येणार, आणि मधल्या काळात आपण पान लिहिणार. ही विषमता या पद्धतीतच आहे, ती कधीच पूर्ण संपणार नाही. म्हणून ती सांभाळायला पहिल्या दिवसापासून शिकलं पाहिजे. मी शिकत होते तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यापायी बऱ्याच रात्री जागून काढल्या.

'सीएसएस ३' नावाचं एक जाडजूड पुस्तक आहे अशीही समजूत असते. तसं काही नाही. २.१ नंतर सगळं तुकड्यातुकड्यांत विभागलं गेलं. सिलेक्टरचा (नियम पानातल्या कशाला लागू हे सांगणारा भाग) तुकडा वेगळा, ग्रिडचा (आडव्या-उभ्या चौकटींतली मांडणी) वेगळा, रंगांचा वेगळा आणि प्रत्येकाची गती वेगळी. त्यामुळे 'हा ब्राउझर सीएसएस ३ चालवतो का' या प्रश्नाला उत्तरच नाही. विचारायचं ते एकेका सोयीबद्दल.

उदाहरण घ्या. सबग्रिड ही सोय, म्हणजे आतल्या ग्रिडने बाहेरच्या ग्रिडच्या रेषा वापरणं, फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०१९ ला आली, सफारीत सप्टेंबर २०२२ ला आणि क्रोममध्ये सप्टेंबर २०२३ ला. आत अमुक घटक असेल तरच लागू होणारा 'हॅज' हा सिलेक्टर उलट सफारीने आधी दिला, मार्च २०२२ मध्ये. क्रोमने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आणि फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी पुढे असणारा वेगळा. 'सफारी नेहमी मागे' किंवा 'क्रोममध्ये चाललं म्हणजे झालं' ही दोन्ही वाक्यं डोक्यातून काढून टाका.

पायरी पहिली: इंजिनं ओळखा

फोनवर ब्राउझरची दहा नावं दिसली तरी पान रंगवणारी मोठी इंजिनं तीनच आहेत. क्रोम, एज, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट यांच्या आत ब्लिंक. सफारीच्या आत वेबकिट. फायरफॉक्सच्या आत गेको. ब्लिंक हे २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालं, म्हणून दोघांच्या जुन्या सवयी कधी कधी सारख्या वाटतात.

आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाकलं तरी आत वेबकिटच चालतं, कारण ॲपलचा तसा नियम आहे. २०२४ मध्ये युरोपीय महासंघापुरती त्यातून सूट मिळाली, भारतात नाही. म्हणून 'सफारीत बिघडतंय, तर क्रोममध्ये उघडून बघा' हा सल्ला आयफोनवाल्या गिऱ्हाइकाला देऊ नका. त्याने काहीच बदलत नाही. शिवाय आयफोनवरचं वेबकिट आयओएसबरोबरच अपडेट होतं. आयफोन ६ ला आयओएस १२ च्या पुढे जाता येत नाही, म्हणजे त्यातली सफारी २०१८ सालची. काकूंच्या फोनचं मूळ दुखणं हेच होतं. अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरमधून अपडेट होतं, त्यामुळे तिथे फोन जुना असला तरी ब्राउझर बराच नवा असू शकतो.

पायरी दुसरी: पान कोण उघडणार, याची यादी करा

हे काम कोड लिहायच्या आधीचं, आणि ते कागदावर करा. काकूंच्या फराळाची माझी यादी अशी झाली. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधली नोकरदार मंडळी, नवे फोन. नौपाड्यातले ज्येष्ठ, मुलांनी वापरून दिलेले जुने फोन. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांतून एकगठ्ठा ऑर्डर देणारे, जुने कॉम्प्युटर. आणि कळव्याच्या दोन बायका, ज्या काकूंकडे मदतीला येतात आणि ऑर्डर आली का ते जिओफोनवर बघतात.

या प्रत्येक ओळीचा तांत्रिक अर्थ लावायचा. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. त्यापुढचं काहीही तिथे येणार नाही. १०९ मध्ये कंटेनर क्वेरी (बाहेरच्या डब्याच्या मापाप्रमाणे नियम बदलणं) चालते, 'हॅज' चालतो, पण नेस्टिंग (एका नियमाच्या आत दुसरा नियम लिहिणं) चालत नाही, कारण ते ११२ पासून आलं. सबग्रिडही नाही, ते ११७ पासून. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनमध्ये कायओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि त्याच्या आत फायरफॉक्स ४८ च्या काळातलं गेको. ग्रिड फायरफॉक्स ५२ मध्ये आलं, म्हणजे जिओफोनला ग्रिड माहीतच नाही. फ्लेक्सबॉक्स, म्हणजे घटक एका रांगेत लावायची पद्धत, माहीत आहे. स्क्रीन अवघी २४० बाय ३२० पिक्सेलची.

महापे किंवा ऐरोलीतल्या एखाद्या कंपनीचं अंतर्गत पान बनवत असाल तर यादी अगदी छोटी होईल. सगळ्यांकडे कंपनीने दिलेले सारखे लॅपटॉप, एकच ब्राउझर. तिथे नव्यातली नवी सोय बिनधास्त वापरा. नियम सरसकट लावायचा नसतो, यादी बघून लावायचा असतो.

पायरी तिसरी: सीएसएस काढून टाका आणि पान वाचून बघा

फायरफॉक्समध्ये व्ह्यू मेनूत पेज स्टाइल आहे, त्यात 'नो स्टाइल' निवडा. विंडोजवर मेनू दिसत नसेल तर ऑल्ट दाबा. सगळा साज उतरलेलं पान दिसेल. आता ते वरपासून खालपर्यंत वाचा. पदार्थाचं नाव आधी, भाव त्याच्या लगेच खाली, बटण जागेवर, असं आहे का? ठाण्याहून डोंबिवलीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये रेंज गेली आणि सीएसएसची फाइल आलीच नाही, तर लोकांना नेमकं हेच पान दिसणार आहे. त्यावरून ऑर्डर देता आली पाहिजे.

याच पायरीवर दोन ओळी तपासा. फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत डॉकटाइप, म्हणजे ही फाइल एचटीएमएलची आहे हे सांगणारी खूण, हवाच. तो नसेल तर ब्राउझर 'क्वर्क्स मोड'मध्ये जातो, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या पानांसाठी ठेवलेल्या जुन्या वागणुकीवर उतरतो, आणि मग तुमची मापं का चुकतात हे शोधण्यात दुपार जाते. दुसरी ओळ भाषेची. एचटीएमएलच्या टॅगवर लँग 'एमआर' लिहा. त्याचं कारण देवनागरीच्या भागात सांगते.

पायरी चौथी: ब्राउझर न कळलेलं गाळतो, त्याचा उपयोग करून घ्या

या लेखातला सर्वांत कामाचा भाग हाच. सावकाश वाचा.

सीएसएस वाचताना ब्राउझरला न समजणारी ओळ लागली, तर तो थांबत नाही, चूकही दाखवत नाही. ती ओळ पुढच्या अर्धविरामापर्यंत सोडून देतो आणि पुढे वाचायला लागतो. हा अपघात नाही, मानकातच तसं लिहिलं आहे. भाषेत नवे शब्द येत राहतील आणि जुन्या ब्राउझरांनी त्यावर अडून बसू नये, म्हणून. याचा फायदा असा घ्यायचा की एकाच गोष्टीसाठी दोन ओळी लिहायच्या, आधी जुनी आणि खाली नवी. नव्याला दोन्ही कळतात, त्यामुळे तो खालची धरतो. जुन्याला खालची कळत नाही, तो वरच्यावर राहतो.

काकूंचं लपलेलं बटण घ्या. मी पानाची उंची '१०० व्हीएच' लिहिली होती, म्हणजे स्क्रीनभर. फोनवर ब्राउझर ही उंची मोजताना पत्त्याची पट्टी आक्रसलेली आहे असं धरतो. प्रत्यक्षात पान उघडतं तेव्हा पट्ट्या पूर्ण उघड्या असतात. परिणामी पानाचा तळ त्यांच्यामागे जातो आणि तळाशी असलेलं बटणही. यावर उपाय म्हणून 'एसव्हीएच' हे माप आलं, म्हणजे सर्वांत लहान दिसणारी उंची. सफारीत ते मार्च २०२२ ला आलं, क्रोममध्ये नोव्हेंबर २०२२ ला. मग ओळी अशा लिहायच्या:

हाइट: १००व्हीएच;
हाइट: १००एसव्हीएच;

नव्या फोनवर बटण दिसतं. आयफोन ६ ला मात्र दुसरी ओळ कळत नाही, तिथे दोष तसाच राहतो. म्हणून मी आणखी एक केलं आणि खरं तर ते आधीच करायला हवं होतं. उंची बांधून टाकायची काही गरजच नव्हती. हाइट काढून टाकली आणि बटण यादीच्या शेवटी साधं ठेवलं, त्याला 'पोझिशन: स्टिकी' आणि 'बॉटम: ०' दिलं. आता जिथे स्टिकी चालतं तिथे बटण तळाशी चिकटून राहतं, जिथे चालत नाही तिथे यादी संपल्यावर दिसतं. दोन्हीकडे ऑर्डर देता येते. अशी रचना सुचली तर दोन ओळींचीही गरज उरत नाही.

गाळण्याच्या नियमात दोन खड्डे आहेत. पहिला सिलेक्टरचा. स्वल्पविराम देऊन चार सिलेक्टर एकत्र लिहिले आणि त्यातला एक जरी ब्राउझरला कळला नाही, तर तो एकटा गळत नाही, अख्खा नियम गळतो. नवा सिलेक्टर नेहमी स्वतंत्र नियमात लिहा, जुन्यांच्या पंगतीत बसवू नका. दुसरा खड्डा नेस्टिंगचा. विंडोज ७ वरच्या क्रोम १०९ ला आतला नियम कळत नाही, म्हणून तो गाळतो. पण गाळताना पुढचा अर्धविराम शोधत जातो आणि त्या आतल्या नियमाच्या खाली लिहिलेली चांगली ओळही सोबत खाऊन टाकतो. यादीत जुने कॉम्प्युटर असतील तर नेस्टिंग टाळा, किंवा बिल्ड करताना, म्हणजे साइटवर चढवायची अंतिम फाइल तयार होताना, ते सपाट करून घ्या.

पायरी पाचवी: आधी विचारा, मग द्या

कधी कधी नव्या सोयीसाठी पाचसहा ओळी एकत्र बदलाव्या लागतात. त्यासाठी 'ॲट सपोर्ट्स' आहे. त्यात ब्राउझरला विचारता येतं की अमुक ओळ तुला कळते का? हो असेल तर आतलं सगळं लागू होतं, नाहीतर अख्खा तुकडा सुटतो.

फराळाच्या पानाचा पाया मी साध्या उभ्या यादीचा ठेवला. कार्डाखाली कार्ड, प्रत्येकाला 'मार्जिन-बॉटम: १६पीएक्स'. जिओफोनवर हेच दिसतं, आणि त्या इवल्या स्क्रीनवर हेच बरं दिसतं. मग 'ॲट सपोर्ट्स' मध्ये 'डिस्प्ले: ग्रिड' विचारलं आणि आत ग्रिडची रचना, अंतर आणि मार्जिन शून्य करणारी ओळ टाकली. ग्रिड क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत एकाच महिन्यात, मार्च २०१७ मध्ये आलं. असं फार क्वचित होतं, म्हणून ग्रिडवर माझा भरवसा आहे.

आता चिकटलेल्या कार्डांकडे येऊ. पहिल्यांदा मी कार्डं फ्लेक्सबॉक्सने मांडली होती आणि मधलं अंतर 'गॅप' ने दिलं होतं. गॅप हा शब्द ग्रिडमध्ये आधी आला, फ्लेक्सबॉक्समध्ये नंतर. फ्लेक्सबॉक्समधला गॅप फायरफॉक्सने २०१८ मध्ये दिला, क्रोमने जुलै २०२० मध्ये, सफारीने एप्रिल २०२१ मध्ये. काकूंच्या सफारीला फ्लेक्स कळत होतं, पण त्यातला गॅप नाही. कार्डं आडवी लागली आणि अंतर गळलं.

माझ्या मनात लगेच आलं, 'ॲट सपोर्ट्स' ने गॅप विचारू या, नाही म्हणाला तर मार्जिन देऊ. काकूंच्या दिवाणखान्यात बसून लिहिलंसुद्धा. फोनवर काहीच बदल नाही. दहा मिनिटं मी फाइल अपलोड झाली की नाही तेच बघत राहिले. मग लक्षात आलं. २०१८ च्या सफारीला गॅप हा शब्द माहीत आहे, कारण ग्रिडमध्ये तो चालतो. मी विचारते, 'गॅप कळतो का?' तो म्हणतो, 'हो.' फ्लेक्समध्ये चालतो का, हे विचारायची सोयच 'ॲट सपोर्ट्स' मध्ये नाही. तो शब्द ओळखीचा आहे का एवढंच सांगतो, कुठे चालतो ते सांगत नाही.

मांडणीच ग्रिडची केल्यावर प्रश्न संपला:

डिस्प्ले: ग्रिड;
गॅप: १६पीएक्स;
ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: रिपीट(ऑटो-फिल, मिनमॅक्स(१४०पीएक्स, १एफआर));

त्याच फोनवर, त्याच २०१८ च्या सफारीत, चकली आणि करंजीमध्ये सोळा पिक्सेल आले. "आता कसं सुटसुटीत झालं," काकू म्हणाल्या आणि माझ्यासमोर चहा ठेवला.

पायरी सहावी: तक्ते बघायची सवय

एखादी सोय वापरायच्या आधी कॅनआययूज या साइटवर तिचं नाव टाका. हिरवे-लाल चौकोन दिसतील. बहुतेक नवशिके तेवढं बघून परत फिरतात. खालच्या टिपा वाचा. 'अंशतः चालतं' असा चौकोन असेल तर नेमकं काय चालत नाही ते तिथेच असतं. फ्लेक्सबॉक्समधल्या गॅपचं पान तिथे वेगळंच आहे. मी ते आधी उघडलं असतं तर राम मारुती रोडवरची फेरी वाचली असती. एमडीएन या वेबच्या संदर्भ-साइटवरही प्रत्येक गुणधर्माच्या पानाच्या तळाशी असा तक्ता असतो.

२०२३ पासून 'बेसलाइन' नावाची खूण दिसायला लागली आहे. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सगळ्यांत एखादी सोय आली की ती 'न्यूली अव्हेलेबल' होते. त्यानंतर ३० महिने गेले की 'वाइडली अव्हेलेबल'. 'हॅज' फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ ला आला, म्हणजे त्याचे ३० महिने जून २०२६ ला भरतात. नव्या माणसासाठी ही खूण फार सोयीची आहे. मोठ्या साइटसाठी 'वाइडली' असेल तर बिनधास्त घ्या. पण ३० महिने म्हणजे अडीच वर्षं, आणि आपल्याकडे घरात फोन आईकडून मुलाकडे, मुलाकडून आजीकडे फिरत सात-आठ वर्षं चालतो. आयओएस १२ आणि जिओफोन या हिशेबात येतच नाहीत. म्हणून दुसऱ्या पायरीतली यादी बेसलाइनपेक्षा वरचढ धरा.

ब्राउझरवाले स्वतःही ही दरी बुजवायला एकत्र येतात. २०२२ पासून दरवर्षी 'इंटरॉप' या नावाने ते काही सोयी निवडतात आणि त्या सगळीकडे सारख्या चालाव्यात म्हणून एकाच चाचणीसंचावर काम करतात. गेल्या काही वर्षांत दरी खरंच अरुंद झाली आहे, त्याचं बरंचसं श्रेय याला जातं.

उपसर्गांबद्दल थोडक्यात

जुन्या कोडमध्ये वेबकिट, मोझ, एमएस, ओ असे उपसर्ग पुढे लावलेल्या ओळी दिसतील. सोय कच्ची असताना ब्राउझरवाले ती स्वतःच्या उपसर्गाने देत. लोकांनी फक्त वेबकिटची ओळ लिहून सोडून दिली, आणि शेवटी २०१६ मध्ये फायरफॉक्सलाही वेबकिटचे उपसर्ग ओळखणं भाग पडलं. आता नव्या सोयी उपसर्गाने येत नाहीत. तरी काही उरले आहेत. पाठीमागचं धूसर करणारा 'बॅकड्रॉप-फिल्टर' सफारी १८ येईपर्यंत वेबकिट उपसर्गानेच चालायचा. हाताने लिहू नका, ऑटोप्रीफिक्सर नावाचं साधन ते काम करतं. त्याला तुमची ब्राउझरांची यादी तेवढी द्या. आणि उपसर्गवाली ओळ नेहमी वर, बिनउपसर्गाची खाली.

पायरी सातवी: देवनागरीची काळजी

हा भाग इंग्रजी पुस्तकांत मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वेबवरच्या मराठीने ही विषमता फार भोगली आहे. २००० च्या आसपासची मराठी पानं युनिकोडमध्ये नसत, प्रत्येकाचा स्वतःचा फॉन्ट असे. तो ईओटी नावाच्या स्वरूपात पानाबरोबर पाठवला जाई, आणि ते स्वरूप फक्त इंटरनेट एक्सप्लोररला कळे. दुसऱ्या ब्राउझरमध्ये बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. आज युनिकोड आहे, वॉफ २ हे फॉन्टचं स्वरूप सगळीकडे चालतं. उरलेल्या अडचणी लहान आहेत, पण वाचणाऱ्याला लगेच खुपतात.

ओळींची उंची ही पहिली. इंग्रजी थीममध्ये 'लाइन-हाइट' १.२ असतो. मराठीत वर रफार, वेलांट्या, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. 'अर्धा किलो' चा रफार कापला गेला तो यामुळेच. कार्डाला 'ओव्हरफ्लो: हिडन' होता आणि ओळ तंग होती. माझ्या फोनचा मराठी फॉन्ट वेगळा, म्हणून तिथे दिसलं नाही. काकूंच्या आयफोनचा फॉन्ट वेगळा, तिथे कापलं गेलं. मराठी मजकुराला १.६ ते १.८ द्या आणि फॉन्ट स्वतःचा पाठवा. 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हे दोन्ही फॉन्ट फुकट आहेत. 'फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप' लिहायला विसरू नका, म्हणजे फॉन्ट उतरेपर्यंत मजकूर कोरा राहत नाही.

'लेटर-स्पेसिंग' मराठीला कधीही देऊ नका. अक्षरांमध्ये अंतर पडलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द फुटल्यासारखा दिसतो. इंग्रजी थीममध्ये मथळ्यांना ते हमखास दिलेलं असतं, शोधून शून्य करा. तिरपी अक्षरंही टाळा. बहुतेक देवनागरी फॉन्टांत तिरपं रूप नसतंच, ब्राउझर सरळ अक्षर ढकलून वाकडं करतो.

आणि आता लँग 'एमआर'. मराठीत 'ल' आणि 'श' ची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. शाळेत गिरवलेला तो ल. ज्या फॉन्टमध्ये ही मराठी रूपं भरलेली असतात, तो भाषेची खूण बघूनच ती काढतो. खूण नसेल तर हिंदी वळण मिळतं. एका छोट्या शब्दाने तुमचं पान मराठी दिसायला लागतं, मला ते करताना दरवेळी बरं वाटतं. क्रमांकित यादीला 'लिस्ट-स्टाइल-टाइप: देवनागरी' दिलं की १, २, ३ असे आकडे येतात. ज्या जुन्या ब्राउझरला ते कळत नाही तो इंग्रजी आकडे दाखवतो, काही बिघडत नाही.

पायरी आठवी: फोन हातात घेऊन बघा

क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये वर 'आयफोन' निवडता येतं. नवशिक्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते. ते फक्त स्क्रीनचं माप बदलतं, इंजिन ब्लिंकच राहतं. गॅपचा दोष तिथे कधीच दिसला नसता.

लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर घ्या. एडिटरमध्ये लाइव्ह सर्व्हर चालू करा. लॅपटॉपचा आयपी पत्ता काढा, घरच्या वायफायवर तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. त्यापुढे अपूर्णविराम देऊन ५५०० लिहा आणि हा पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये टाका. विंडोजच्या फायरवॉलने परवानगी विचारली तर द्या. अपलोड न करता पान फोनवर दिसेल, फाइल सेव्ह केली की आपोआप बदलेल. अँड्रॉइड असेल तर यूएसबी डीबगिंग चालू करून केबल जोडा, क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून फोनमधलं पान लॅपटॉपवर उलगडून बघता येतं. आयफोनसाठी अशी सोय हवी तर मॅक लागतो. मॅक नसेल तर प्लेराइट हे फुकट साधन विंडोजवरही वेबकिट चालवतं. ते हुबेहूब आयफोन नव्हे, पण बरेच दोष पकडतं. खऱ्या फोनांवर दुरून चाचणी करायची असेल तर ब्राउझरस्टॅक आहे. २०११ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झालेली कंपनी. त्यांचे फोन भाड्याने वापरता येतात.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बिल्डिंगमधले फोन. रविवारी सकाळी मी माझं पान घेऊन तीन मजले फिरले. एका आजोबांच्या फोनमध्ये अक्षरं सेटिंगमधूनच मोठी केलेली होती, आणि 'डिंकाचे लाडू' कार्डाबाहेर निघाले होते. हा दोष कुठल्याच तक्त्यात सापडला नसता. कार्डाची बांधलेली उंची काढली, 'मिन-हाइट' दिली, झालं.

जे तपासलं ते सीएसएस फाइलच्या अगदी वर कॉमेंटमध्ये लिहून ठेवा: तारीख, फोन, ब्राउझरची आवृत्ती, काय दिसलं. काकूंच्या फाइलमध्ये आता सात ओळी आहेत. पहिली आयफोन ६ ची आहे, आणि पुढच्या दिवाळीला पान पुन्हा उघडेन तेव्हा सुरुवात तिथूनच करणार आहे.